आखणीआधीची फेरी

बीडमध्ये नवा ले-आउट पडला की नकाशाच्या एखाद्या कोपऱ्यात हिरव्या रंगाचा चौकोन असतो. प्लॉट दाखवणारा एजंट त्यावर बोट ठेवून 'इथं गार्डन होणार' असं ठणकावून सांगतो. ही त्याची मेहरबानी नव्हे, कायदा आहे. २०२० मध्ये राज्याला लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आउट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. लोकांच्या तोंडी ती 'ओपन स्पेस'. पंधरा-वीस वर्षांनी तिथं जाऊन पाहावं तर वेड्या बाभळी, कुणाच्या तरी घराचा राडारोडा, एक बंद पडलेला बोअर, कोपऱ्यात पत्र्याचं देऊळ आणि उरलेल्या पट्टीत पोरांचं क्रिकेट. नशीब जोरावर असेल तर निधी येतो. मग कंपाउंड होतं, कमान होते, पेव्हर ब्लॉक बसतात, ओपन जिमची लाल-पिवळी यंत्रं येतात, शहरावरचं प्रेम जाहीर करणारी मोठाली अक्षरं उभी राहतात, उद्घाटन होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात लॉन जळतं.

दोष माळ्याचा नसतो, उन्हाचाही नसतो. बाग कशी असावी हे ठरलं तेव्हा ती वापरणारं कुणी तिथं नव्हतं. अंदाजपत्रक आधी तयार झालं, जागा नंतर पाहिली गेली, आणि लोक थेट उद्घाटनाच्या मांडवात दिसले.

जागेची गरज किती, याचा हिशेब एकदा करून ठेवावा. केंद्र सरकारच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती. म्हणजे तेव्हाच्याच डोक्यांना कमीत कमी मापानं धरलं तरी जवळजवळ १४७ हेक्टर, साडेतीनशे एकरांच्याही वर. एवढी जमीन एका जागी मिळणार नाही, आणि मिळालीच तर शहराबाहेर कुठेतरी मिळेल. मग तिथं जायला गाडी लागेल. ज्याच्याकडे गाडी तो जाईल, आणि ज्याच्या घरात दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात तो घरीच राहील. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं एक साधं माप सुचवलं आहे: घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे पाचेक मिनिटं चालत, अर्ध्या हेक्टरची तरी हिरवळ असावी. अर्धा हेक्टर जुन्या बीडच्या गल्ल्यांत कुठून आणायचा, हा प्रश्न आहेच. पण या मापातला चालत पोहोचण्याचा मुद्दा महत्त्वाचा. माझ्या मते जिल्ह्याच्या ठिकाणी एका भव्य उद्यानाच्या स्वप्नापेक्षा विखुरलेल्या वीस ओपन स्पेस ताब्यात घेऊन त्या जगवणं जास्त न्यायाचं ठरेल. त्याचा फोटो भव्य येत नाही, ही अडचण खरी.

विचारायचं कुणाला आणि कुठे? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं नगरपालिकांच्या यादीत आणून ठेवली. त्याच दुरुस्तीनं प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना बंधनकारक. २०११ च्या आकड्यानं बीड त्याच्या निम्म्यात. पुढे २००९ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. खेड्यात ग्रामसभा तशी शहरात मतदारांची क्षेत्रसभा. तरतूद कागदावर आहे. भरलेली क्षेत्रसभा पाहिलेला माणूस शोधावा लागतो. उरतो विकास आराखडा. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. त्या मुदतीत हरकती कोण घेतो? ज्याच्या जमिनीवर बागेचं आरक्षण पडलं तो. आरक्षण ज्यांच्यासाठी पडलं त्यांच्यापैकी क्वचितच कुणी येतं. याच कायद्याचं कलम १२७ सांगतं की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर दोन वर्षांत पालिकेनं हालचाल केली नाही तर आरक्षण संपतं. अनेक शहरांतल्या बागा अशाच, एक झाडही न लावता, मुदत संपून मेल्या आहेत.

पुणे महापालिकेनं २००६-०७ पासून नागरिकांचा सहभाग असलेलं अंदाजपत्रक सुरू केलं. प्रभागातली पाच लाखांपर्यंतची कामं नागरिकांनी अर्जानं सुचवायची. बाकं, पदपथ, दिवे, बागेतल्या दुरुस्त्या अशी कामं त्यातून झाली. कल्पना चांगली, पण अर्ज भरतो तो ज्याला अर्ज निघाल्याचं कळतं तो. पेपर वाचणाऱ्या, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप असणाऱ्या वस्तीचा आवाज मोठा होतो. अर्जाची खिडकी उघडून बसलं म्हणजे लोकांना विचारलं असं होत नाही.

गंमत अशी की बीड जिल्ह्याला हे शिकवायला पुण्याहून कुणी यायची गरज नाही. पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये झाली तेव्हा राज्यातले तीनच तालुके निवडले होते, आणि त्यांतला एक अंबाजोगाई. तिथल्या गावांनी कामाला हात घालण्यापूर्वी शिवारफेरी काढली. पाणी कुठून येतं, कुठे पळतं, कुणाच्या बांधाला बांध घातला की कुणाचं शेत बुडेल, हे पायांनी पाहिलं, मग नकाशे काढले, मग कुदळ उचलली. त्याच्या कितीतरी आधी, १९८२ पासून, अंबाजोगाईत द्वारकादास लोहिया यांनी उभ्या केलेल्या 'मानवलोक'नं पाणलोटाची कामं गावाला बरोबर घेऊनच केली. पाणलोटात हा साधा शहाणपणा मुरलेला आहे: फेरी आधी, आराखडा मागाहून. त्याच जिल्ह्यातल्या शहरात मात्र बागेचा आराखडा टेबलावर बनतो आणि लोक तो कधी पाहतही नाहीत.

शहराच्या अंगणातलंही एक उदाहरण आहे. पालवणच्या उजाड डोंगरावर वन विभागाच्या साथीनं 'सह्याद्री देवराई' उभी राहिली. अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांनी त्यासाठी माणसं जोडली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं वृक्ष संमेलन भरलं; संमेलनाध्यक्ष होता वड. अध्यक्षीय भाषण नसलेलं संमेलन महाराष्ट्रानं तेव्हाच पाहिलं असेल. त्या डोंगरानं शहराला सहल दिली, अभिमान दिला आणि देशी झाडांची ओळख करून दिली. पण पालवणला जाणं हा सुटीच्या दिवसाचा बेत असतो. गुडघे धरलेल्या आजीला संध्याकाळी पाच वाजता टेकायला बाक हवं असतं. ते डोंगरावर असून तिला काय उपयोग?

तर शहरातल्या ओपन स्पेससाठी शिवारफेरी काढायची म्हणजे नेमकं काय करायचं? एकच फेरी पुरत नाही, कारण जागा तासातासाला बदलते. सकाळी सहाला चालणारे निवृत्त लोक असतात. दुपारी रिक्षावाला सावलीत पाठ टेकतो, शेजारच्या बांधकामावरची बाई बाळाला झोळीत टाकते. चारनंतर शाळा सुटते आणि आठनंतर जागेचा ताबा वेगळ्याच मंडळींकडे जातो. प्रत्येक वेळी तिथं कोण आहे आणि, त्याहून महत्त्वाचं, कोण नाही, हे लिहून काढायचं. मग जमिनीवरच रांगोळीनं नकाशा. खेड्यांतल्या लोकसहभागाच्या कामात ही पद्धत जुनी आहे, आणि तिचा मोठा फायदा असा की रांगोळी बाईच्या हातात असते. कागदावरचा प्लॅन उलगडला की बोलणारे पुरुष पुढे सरकतात. रांगोळीचा डबा उघडला की बायका खाली बसतात. अंधार कुठे पडतो, कुठल्या टपरीसमोरून पोरी जात नाहीत, पाणी कुठे तुंबतं, हे त्यातून एका तासात कळतं.

मुलींचा प्रश्न बीडमध्ये नुसता बागेचा नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली, हा जिल्ह्याचा आकडा राज्यात सर्वांत खालचा होता. ज्या मुली आहेत त्यांनाही दहाव्या-अकराव्या वर्षानंतर मोकळ्या जागेत वाव उरत नाही. ही गोष्ट फक्त मराठवाड्याची नाही. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरानं १९९६-९७ मध्ये आपल्या बागांची पाहणी केली तेव्हा दिसलं की वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत येणंच कमी करतात. कारण भीतीपेक्षा साधं होतं: मधलं एकच मोठं मैदान मोठी पोरं बळकावत, आणि मुली भांडत बसण्यापेक्षा निघून जात. तिथल्या दोन बागा १९९९ मध्ये नव्यानं आखल्या. मोठं मैदान झाडाझुडपांनी आणि वाटांनी लहान तुकड्यांत विभागलं, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा केली. मुली परत आल्या. आपल्याकडे ओपन स्पेसच्या मधोमध पिच असतं आणि कडेला चेंडू लागू नये म्हणून जपून चालणाऱ्या बायका. क्रिकेट बंद करा असं कुणी म्हणू नये, ती पोरं जाणार कुठे? पण पिच एका अंगाला सरकवून उरलेल्यात दोन-तीन आडोसे, एक झोपाळ्यांची रांग आणि रस्त्यावरून दिसेल असा कट्टा करता येतो. 'दिसेल असा' हे इथं कळीचं आहे. सुरक्षिततेसाठी बांधलेली सहा फुटी भिंत आतल्या मुलीला रस्त्यापासून तोडते. कमरेएवढी भिंत आणि वर जाळी जास्त राखण करते, आणि स्वस्तही पडते.

स्वच्छतागृहाबद्दल दोन ओळी पुरेत: ते नसेल तर बायका अर्ध्या तासावर थांबत नाहीत, आणि कुलूपबंद असेल तर ते नाहीच असं समजावं.

बीडची एक खास अडचण मात्र सविस्तर सांगायला हवी. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ती परतते ती पाडव्याच्या सुमाराला. शहराच्या कडेच्या वस्त्यांत आणि हद्दीलगतच्या गावांत मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली मुलं. सरकारी आर्थिक वर्षाची घाई नेमकी याच महिन्यांत असते. मार्चअखेर निधी खर्ची पडायला हवा म्हणून बैठका जानेवारी-फेब्रुवारीत लागतात. म्हणजे ज्यांच्या पोरांना बागेची सगळ्यांत जास्त गरज, ते आई-बाप सभेच्या दिवशी फडावर. हजेरीपटावर सह्या पुरेशा होतात, कायद्याचं पोट भरतं, पण अर्धी वस्ती मोजलीच जात नाही. इथं फेरी पाडवा ते मृग या काळातच निघाली पाहिजे. शिवाय थंडीच्या महिन्यांत आज्यांना स्वतंत्रपणे विचारलं पाहिजे, कारण त्या काळात नातवंडांना बागेत आणणाऱ्या त्याच असतात. त्यांना घसरगुंडीजवळ पाठ टेकता येईल असं बाक आणि जवळ प्यायचं पाणी हवं असतं. ओपन जिमचं त्यांना काही नाही.

आता दारातून आत जायचं. आपल्या बहुतेक बागांच्या फाटकापाशी मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून पाइप ठोकलेले असतात किंवा गोल फिरणारं फाटक असतं. त्यातून मोटारसायकल जात नाही, तशी चाकाची खुर्चीही जात नाही. बाबागाडी आणि कुबड्याही अडतात. दोन खांबांत किमान ९० सेंटीमीटर अंतर ठेवलं तर खुर्ची जाते. आडव्या वळणाची वाट ठेवली तर खुर्ची वळते आणि मोटारसायकलवाला कंटाळतो. उताराचं माप केंद्राच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत एकास बारा असं आहे: एक फूट चढायला बारा फूट उतार. ४५ सेंटीमीटरचा चौथरा असेल तर ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब रॅम्प लागतो. प्रत्यक्षात ठेकेदार जागा उरेल तेवढ्यात घसरगुंडीसारखा उभा रॅम्प ओततो आणि बिलात 'दिव्यांग रॅम्प' लिहिलं जातं. त्यावरून खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात. खरं तर मोकळ्या जागेत चौथरा करायचाच कशाला? रस्त्याच्या पातळीतलं दार हा फुकटचा रॅम्प असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक जागा सुगम करणं बंधनकारक केलं आणि जुन्या इमारतींना पाच वर्षांची मुदत दिली. ती केव्हाच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सुगम्यतेचे निकष ऐच्छिक मार्गदर्शनापुरते ठेवता येणार नाहीत, किमान काही सक्तीचे करावे लागतील. त्याआधी २०२३ मध्ये नागपुरात पारडी भागात 'अनुभूती' नावाचा ९० हजार चौरस फुटांचा दिव्यांग उद्यान प्रकल्प १२ कोटी रुपये खर्चून करण्याची घोषणा झाली. चांगलंच आहे. तरी बीडसारख्या ठिकाणी वेगळं दिव्यांग उद्यान मागण्यापेक्षा प्रत्येक बागेचं दार, वाट आणि निदान एक झोपाळा सर्वांना वापरता येईल असं पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं. पोलिओ झालेल्या बापाला स्वतःच्या मुलीला स्वतःच्याच गल्लीत खेळवायचं असतं.

लॉनचं काय? हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मे मध्ये हिरवळ जिवंत ठेवायला रोज पाच-सहा मिलिमीटर तरी लागतं. हजार चौरस मीटर लॉन म्हणजे रोज पाच-सहा हजार लिटर. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि लोक ड्रम भरून ठेवतात, तिथं रस्त्यापलीकडे कारंजं उडताना पाहून माणसाला काय वाटेल? त्याच हजार चौरस मीटरवर वर्षाकाठी साडेसहा-सात लाख लिटर पाऊस पडतो. बीडची सरासरी साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर आहे. तो पेव्हर ब्लॉकवरून गटारात जातो. ब्लॉक कमी, माती जास्त, मध्ये एक खोलगट भाग आणि शोषखड्डा केला तर त्यातला बराच जागेवर मुरेल. शहराबाहेरची खजाना विहीर सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधली गेली. जमिनीखालच्या नळांतून पाणी उताराच्या बळावर येतं आणि तसंच पुढे शेतांना जातं. मोटर नाही, वीज नाही. एवढा वारसा दाखवायला पाहुण्यांना घेऊन जाणारं शहर बागेसाठी मात्र टँकर मागवतं.

बागेला पिण्याचं पाणी देण्याची गरजही नाही. जवळ मशीद असेल तर वजूचं पाणी दिवसातून पाच वेळा गटारात जातं. ते जवळजवळ स्वच्छ असतं आणि झाडांना सहज चालतं. मंगल कार्यालयाचं हात धुण्याचं पाणीही तसंच. दोन्हीकडच्या लोकांशी बोलून एक पाइप टाकावा लागतो. झाडं कडुनिंब, करंज, पिंपळ, उंबर, आपटा, बोर अशी इथल्या मातीची लावली तर पहिली दोन-तीन वर्षं जपावं लागतं, मग ती स्वतःचं बघतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सार्वजनिक बागेत ते लावावं की नाही यावर मात्र सभेत हमखास वाद होईल, कारण फळं कोणी तोडायची? होऊ द्यावा. असे वाद बाग होण्याआधी झालेले बरे.

नावाचा वाद मात्र आधी येऊ देऊ नये. गेली काही वर्षं हा जिल्हा जातींच्या ताणामुळे बातम्यांत राहिला आहे. अशा ठिकाणी फलकावर कुणाचं नाव, हा पहिला विषय घेतला तर दुसरा विषय येतच नाही. पाण्याची आणि सावलीची बोलणी आधी उरकावीत. तोवर बागेला रस्त्याचंच नाव चालतं.

शेवटी प्रश्न किल्लीचा आणि पगाराचा. बाग बांधायला लेखाशीर्ष सापडतं, राखायला सापडत नाही. केंद्राच्या 'अमृत' योजनेत बीडचा समावेश होता. त्या योजनेत बागांसाठी अडीच टक्के निधी राखलेला होता आणि देखभाल लोकांच्या भागीदारीनं करण्याची अटही होती. भागीदारी म्हणजे लोकांनी फुकट झाडू मारावा असा अर्थ काढला की ती महिनाभर टिकते. उलट, सगळंच एखाद्या मंडळाच्या स्वाधीन केलं तर काय होतं ते मुंबईनं पाहिलं: मोकळे भूखंड देखभालीसाठी संस्थांना दिले, काही ठिकाणी क्लब उभे राहिले आणि सामान्यांना दार बंद झालं. ओरड वाढल्यावर २०१६ मध्ये त्या धोरणाला स्थगिती द्यावी लागली. बागेची जागा बळकावण्याला कायदा आडवा येतो, हेही लक्षात ठेवावं. बंगळुरूत बागेसाठी राखलेला भूखंड खासगी नर्सिंग होमला दिला गेला तेव्हा शेजारचे रहिवासी भांडले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. बाग नसल्यानं रहिवाशांचंच नुकसान होतं, म्हणून दाद मागण्याचा हक्क त्यांना आहे, हे त्यात मान्य झालं.

त्यामुळे मधला मार्ग असा दिसतो: पगारी माळी पालिकेचा, शक्यतो त्याच वस्तीतला; किल्ली कुणा एका मंडळाकडे नाही, तर दार ठरल्या वेळी उघडतं-मिटतं आणि त्या वेळा फलकावर लिहिलेल्या; आणि वर्षातून दोनदा, एकदा ऊसतोडीला माणसं निघण्याआधी आणि एकदा ती परतल्यावर, तीच फेरी पुन्हा. पहिल्या फेरीत पाइप कुठे फुटला, दिवा कुठला गेला याची यादी करायची. दुसऱ्या फेरीत ती यादी हातात घेऊन, झालेल्या कामांपुढे खूण करत, नगरसेवकासह बागेतून चालायचं.